उरणचा धूर आणि नळीतलं पाणी

उरणजवळ बोकडविऱ्याला महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र आहे. स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट. त्यातले ४३२ मेगावॉट चार गॅस टर्बाइनचे, प्रत्येकी १०८. उरलेल्या २४० मेगावॉटसाठी वेगळं इंधन जाळावं लागत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर पाण्याची वाफ करायची आणि तिच्यावर दोन वाफ-टर्बाइन चालवायची. कौतुक होतं ते टर्बाइनचं. खरी कमाल धुराच्या वाटेतल्या बॉयलरमधल्या बाष्पक नळ्यांची, म्हणजे इव्हॅपोरेटर ट्यूबची.

अशा बॉयलरची नेहमीची मांडणी साधी असते. वर ड्रम. त्यातलं पाणी डाऊनकमरमधून खाली येतं आणि धुरात उभ्या असलेल्या नळ्यांमधून उकळत परत वर चढतं. पंप असायलाच हवा असं नाही. वाफमिश्रित पाणी हलकं पडतं, तेवढ्यावरही फेरा सुरू राहतो. एका फेरीत सगळ्या पाण्याची वाफ मुद्दामच होऊ देत नाहीत. भिंत ओली राहिली पाहिजे.

का, ते शिरो नुकियामा या जपानी संशोधकाने १९३४ मध्ये पाण्यात बुडवलेली तार विजेने तापवून दाखवलं. तार तापते तसे बुडबुडे वाढतात आणि उष्णता झपाट्याने पाण्यात जाते. एका मर्यादेपुढे मात्र वाफेचाच पडदा तारेभोवती बसतो आणि तिचं तापमान एकदम उसळतं. लालबुंद तव्यावर शिंपडलेला पाण्याचा थेंब चटकन न आटता नाचत राहतो, तोही याच पडद्यामुळे.

कोळशाच्या भट्टीत हा पडदा नळी फोडू शकतो. इथे धूरच साधारण पाच-सहाशे अंशांचा, म्हणून ते भय कमी. इथली अडचण बाहेरच्या बाजूला आहे. उकळतं पाणी नळीच्या भिंतीकडून जितक्या सहज उष्णता घेतं, त्याच्या शतांश सहजतेनेही धूर ती भिंतीला देत नाही. म्हणून नळीवर बाहेरून पातळ पत्र्याचे फिन गुंडाळतात आणि पृष्ठभाग कित्येक पट वाढवतात. आत काही करायची गरज नसते.

तरीही सगळी उष्णता हाती लागत नाही. ८० बार दाबाला पाणी २९५ अंशांवर उकळतं आणि उकळत असेपर्यंत तिथून हलत नाही. त्यामुळे बाष्पकातून निघणारा धूर त्याच्या खाली जाऊ शकत नाही. या दोन तापमानांमधलं अंतर म्हणजे पिंच पॉइंट. दहा-पंधरा अंशांवर बहुतेक जण थांबतात. ते आणखी कमी करायचं तर थोड्याशा वाफेसाठी नळ्यांचं जंगल उभारावं लागतं. हिशेब तिथे पैशांचा होतो, भौतिकशास्त्राचा नाही.

उरलेल्या उष्णतेसाठी कमी दाबाचा दुसरा बाष्पक बसवतात, तिथे पाणी दीडशे अंशांच्या आसपास उकळतं. नळ्या खाणारा रोग नेमका याच तापमानाला जोरात असतो. पोलादावरचा संरक्षक थर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात विरघळत जातो आणि नळी आतून, विशेषतः वळणांवर, पातळ होते. उपाय दोन: पाण्याचा सामू सांभाळायचा आणि वळणांना साध्या पोलादाऐवजी एक-दोन टक्के क्रोमियम असलेलं पोलाद वापरायचं. दुसरा उपाय खरेदीच्या वेळी महाग वाटतो, म्हणून बऱ्याचदा पहिल्यावरच भागवलं जातं.