वालाची लांबट रोपे



जूनअखेरीस वसतिगृहातील एका मुलीच्या आजीने धडगावकडच्या डोंगरावरून ओंजळभर गावरान वाल आणून दिला. तिच्या घरी हे बियाणे दरवर्षी राखतात, पण गेल्या हंगामात शेंगा कमी धरल्या आणि घरात थोडेच बी उरले. निम्मे आपल्याकडे लावावे, म्हणजे एकीकडचे गेले तरी दुसरीकडचे राहील, असे तिचे म्हणणे.

पावसात बी कुजू नये, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून मी ते कागदी पेल्यांत लावून पडवीत ठेवले. चूक तिथेच झाली. पडवीत उजेड कमी. पंधराव्या दिवशी रोपे वीतभर उंच, फिकट आणि दोऱ्यासारखी बारीक होऊन एका बाजूला कलली. उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात खोड ताणते. असे रोप एकदम बाहेर लावले तर वाऱ्याने मोडते, उन्हाने करपते.

मग आम्ही काय केले ते सांगतो.

पहिल्या दिवशी पेले तासभर सकाळच्या उन्हात ठेवले आणि रोज थोडा वेळ वाढवला. पाणी बेताने दिले. आठवड्याभरात पाने हिरवी झाली. मग ढगाळ संध्याकाळी उंच गादीवाफ्यावर लावणी केली. वालाच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून पेला फाडून मातीचा गोळा तसाच खड्ड्यात ठेवला.

टोमॅटोचे खोड खोल पुरले तरी त्याला मुळे फुटतात. वालाच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ओल्या मातीत त्याचे कोवळे खोड कुजण्याचा धोका असतो. म्हणून बियाच्या दोन जाड दलांच्या जरा खालपर्यंतच माती लावली. प्रत्येक रोपाजवळ काठी रोवून सुतळीने सैल बांधले. युरिया दिला नाही. त्याने लुसलुशीत वाढच अधिक होते.

तरीही काही रोपे गेली. सुदैवाने मी मूठभर बी मागे ठेवले होते. ते मुलांनी थेट वाफ्यात टोकले आणि वर काटेरी फांद्या पसरल्या. ती रोपे बुटकी, जाड देठाची उगवली आणि महिन्याभरात पहिल्यांच्या बरोबरीला आली. वाल, घेवडा शक्यतो जागेवरच टोकावा, आणि सगळे बी एकदम कधीच पेरू नये, हे मी यातून शिकलो.

नाताळात मुलांच्या ताटात वालपापडीची भाजी होती. काही वेलांना मात्र मुलींनी चिंध्या बांधल्या आहेत. त्यांच्या शेंगा कोणी तोडायच्या नाहीत. त्या वेलावरच वाळतील आणि उन्हाळी सुट्टीत नात ते बी आजीच्या हाती परत देईल.