जॅक किती टनांचा, यापेक्षा तो टेकतो कुठे?

पावसाळा तोंडावर आला की थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जीप बाळगणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: रुतलेली गाडी काढायला जॅक कोणता घ्यावा? उत्तरंही ठरलेली असतात. "पाच टनी घे, काळजीच नको." "हायलिफ्टशिवाय काही खरं नाही." "कंपनीने दिलाय की, तो पुरे." या उत्तरांत एका गोष्टीचा विचार नसतो. जॅकचं खालचं टोक कशावर टेकणार आणि वरचं टोक गाडीला कुठे लागणार? आडरानात जॅक दगा देतो तो बहुतेक वेळा या दोन जागी. जॅक मोडून पडल्याचे प्रसंग त्या मानाने फारच कमी.

"जितके टन जास्त, तितका जॅक भरवशाचा"

जिम्नीचं वजन साधारण १,२०० किलो, थारचं पावणेदोन टनांच्या आसपास. पण चाक सोडवताना आपण अख्खी गाडी उचलत नाही, एक कोपरा उचलतो. म्हणजे जॅकवर येतात साडेतीनशे ते पाचशे किलो. चिखल चाकाला धरून ठेवतो, त्याची ओढ मोजली तरी दोन टनी जॅक पुरून उरतो. उलट जास्त टनांचा बॉटल जॅक जड असतो आणि बंद असतानाच उंच असतो. चाक रुतलं की ॲक्सल जमिनीला टेकायला आलेला असतो. तिथे जॅक शिरलाच नाही, तर त्याच्यावर छापलेले टन काय कामाचे? दुकानात जाण्याआधी एका टायरमधली हवा पूर्ण सोडा आणि ॲक्सलखाली किती जागा उरते ते टेपने मोजा. जॅकची बंद उंची त्याहून कमी हवी. हे माप टनांच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

आता खालचं टोक. बॉटल जॅकचा तळ साधारण १० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. त्यावर ३५० किलो आले की दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब पडतो. सत्तर किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला, तर त्याच्या तळव्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोही दाब नसतो. ज्या काळ्या मातीत तुमचा पाय घोट्यापर्यंत जातो, तिथे नुसता जॅक ठेवला तर गाडी वर येणार नाही, जॅक खाली जाईल. दांडा मारत राहावं, जॅक पूर्ण उघडावा आणि गाडी आहे तिथेच असावी, हा अनुभव विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतरस्त्यांवर अनेकांनी घेतला आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. ३० बाय ४० सेंटिमीटरची, इंचभर जाडीची लाकडी फळी जॅकखाली घातली, की तोच भार १,२०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब ०.३ किलोच्या खाली येतो. तरीही तो आपल्या पायाखालच्या दाबापेक्षा जास्तच, हे विसरू नका. म्हणून वरचा लिबलिबीत थर फावड्याने काढून खालच्या घट्ट मातीपर्यंत, मुरूम लागला तर मुरमापर्यंत जायचं, आणि मग फळी ठेवायची. फळीही पुरेशी जाड हवी, पातळ प्लायवुड मधोमध वाकतं आणि भार पुन्हा एकाच जागी येतो. माझं स्पष्ट मत आहे की हजारो रुपयांच्या जॅकआधी दोन चांगल्या फळ्या आणि एक फावडं गाडीत यायला हवं.

"हायलिफ्ट घेतला की प्रश्न मिटला"

टपावर किंवा मागच्या दाराला लावलेला लांबलचक लाल-काळा जॅक दिसतो, तो हा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावी तो १९०५ पासून बनतो, आणि मूळचा तो शेतावरच्या कामाचा. कुंपणाचे खांब उपटणं, अवजारं उचलणं हे त्याचं काम. भोकं पाडलेली पोलादी पट्टी, तिच्यावर सरकणारा जबडा आणि आळीपाळीने भोकांत बसणाऱ्या दोन पिना, एवढंच त्याचं यंत्र. दांड्याच्या दर झटक्याला जबडा एक भोक वर चढतो. ४८ इंची जॅकचं वजन तेरा किलोच्या आसपास आणि क्षमता ४,६६० पौंड, म्हणजे दोन टनांहून थोडी जास्त. उंच उचलतो, म्हणून तो रुतलेल्या गाडीला मोलाचा, यात वाद नाही.

पण याला गाडीवर पकडायला सपाट, मजबूत लोखंड लागतं: पोलादी बंपर किंवा चासीला जोडलेले रॉक स्लायडर. आजच्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून प्लास्टिकचे बंपर येतात. तिथे जबडा लावला तर बंपर फाटतो किंवा जॅक निसटतो. म्हणजे पोलादी बंपर किंवा स्लायडर नसलेल्या गाडीवर हायलिफ्ट मिरवण्यापुरताच उरतो.

दुसरी अडचण स्प्रिंगांची. बंपरला धरून बॉडी उचलली, की ॲक्सल तिच्याबरोबर लगेच वर येत नाही. स्प्रिंगा आधी मोकळ्या होतात, चाक चिखलातच लोंबत राहतं. जिम्नीसारख्या गाडीत बॉडी बरीच उंच जाते, तेव्हा कुठे टायर सुटतो, आणि तोवर गाडी त्या पट्टीवर डुलायला लागलेली असते. यावर उपाय म्हणजे उचलण्याआधी ॲक्सल मजबूत पट्ट्याने चासीला आवळून बांधणं, किंवा सरळ चाकाच्या रिमला धरून उचलणारी जोडणी वापरणं. बॉटल जॅक ॲक्सलखालीच लागतो, त्यामुळे त्याला हा त्रास नाही.

सर्वात जास्त इजा होते ती मात्र गाडी खाली घेताना. जबड्याची वर-खाली दिशा बदलणारा खटका उलटवला, की गाडीचा भार दांड्याला जोराने वर ढकलतो. त्या क्षणी हात सैल असेल किंवा हनुवटी दांड्याच्या वाटेत असेल, तर तुमचा जबडा आणि दात जायला वेळ लागत नाही. खटका उलटवण्याआधी दांडा पट्टीला टेकवून उभा करायचा, मग दोन्ही हातांनी घट्ट धरून एकेक भोक खाली घ्यायचं. तोंड कायम बाजूला. जॅकवर जेमतेम भार असेल, साधारण सत्तर किलोंपेक्षा कमी, तर तो पायरी-पायरीने उतरत नाही, एकदम खाली आदळतो. पिनांमध्ये चिखल अडकला तर त्या भोकात नीट बसत नाहीत. म्हणून वापर झाला की धुऊन, पातळ तेल देऊनच ठेवावा. ग्रीस लावू नये, त्याला धूळ चिकटते.

"गाडी गिअरमध्ये आहे, हलणार नाही"

हा सगळ्यात घातक समज, कारण सपाट रस्त्यावर तो खरा वाटतो. गिअर किंवा ऑटोमॅटिक गाडीतलं 'पी' हे चाकांना थेट धरत नाही, त्यांच्याकडे जाणाऱ्या शाफ्टला धरतं. मागचं एक चाक हवेत गेलं, की साध्या डिफरन्शियलमुळे ते उलटं फिरू शकतं आणि दुसरं, जमिनीवरचं चाक मोकळेपणी सरकतं. गाडी जॅकवरून घसरते ती अशी. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेकही चाकांवर नव्हता, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर होता. तशी गाडी असेल तर हँडब्रेकचाही भरवसा नको. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, फोर बाय फोर असेल तर ते जोडून ठेवा. उतारावर असाल तर आधी दगड, नंतर जॅक.

आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चासीखाली आडवी स्टेपनी सरकवून ठेवली, तर जॅक निसटला तरी गाडी तिच्यावर बसते.

कंपनीचा सिझर जॅक आणि हवेची पिशवी

कंपनीचा सिझर जॅक डांबरी रस्त्यावर पंक्चर काढण्यासाठी दिलेला असतो. पूर्ण मिटलेला असताना त्याचा स्क्रू फिरवायला सर्वात जास्त जोर लागतो, आणि रुतलेल्या गाडीखाली तो नेमका मिटलेलाच शिरतो. शिवाय उंची अपुरी. पंक्चरसाठी राहू द्या, चिखलात त्याच्यावर विसंबू नका.

सायलेन्सरच्या धुराने फुगणारी पिशवी, म्हणजे एक्झॉस्ट जॅक, वाळू आणि मऊ चिखलात चांगली चालते. तिचा पसाराच एवढा असतो की फळीची गरज राहत नाही. पण वर-खाली जाड रबरी चटई हवी, तापलेल्या सायलेन्सरपासून आणि धारदार दगडांपासून ती लांब हवी, आणि सह्याद्रीतल्या खडकाळ वाटांवर तिचा उपयोग थोडा. सायलेन्सर गळका असेल तर ती फुगतच नाही.

"जॅक आहे, लगेच लावा"

जॅक ही पहिली पायरी नव्हे. आधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची माती काढा आणि हलक्या पायाने प्रयत्न करा. वाळूत तर पुष्कळदा एवढ्यावरच गाडी सुटते. जॅकचं काम त्यानंतरचं: चाक वर घ्यायचं, त्याच्या खड्ड्यात दगड, फांद्या किंवा चाकाला पकड देणारे ट्रॅक्शन बोर्ड भरायचे आणि चाक त्यावर उतरवायचं. गाडी सुटली की डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणून छोटा कंप्रेसर सोबत हवाच.

कंपनीच्या मूळ रूपातली जिम्नी, थार किंवा बोलेरो असेल, तर माझी शिफारस सरळ आहे: कमी बंद उंचीचा दोन टनी बॉटल जॅक, दोन जाड फळ्या, फावडं आणि चाकांना लावायचे ठोकळे. बॉटल जॅक उभाच वापरायचा, आडवा केला की पंपात हवा शिरते. हायलिफ्ट घ्यायचा तो पोलादी बंपर किंवा स्लायडर बसवल्यावरच, आणि गाडीत मोकळा न टाकता पक्का बांधून. काहीही घ्या, पण पहिला पाऊस पडायच्या आत आपल्याच अंगणात, सपाट जागी, चारही चाकं एकेकदा उचलून पाहा. जॅक कुठे शिरतो, कुठे शिरत नाही, ते तिथेच कळेल.