आप्त डोळ्यांसमोर असावा

रोगज्ञानाच्या साधनांची मांडणी करताना आयुर्वेदाने आप्तोपदेशाला पहिला मान दिला आहे. प्रत्यक्ष आणि अनुमान त्याच्यानंतर येतात. आप्त म्हणजे केवळ बहुश्रुत मनुष्य नव्हे. रज आणि तम या दोषांपासून जो मुक्त आहे, ज्याच्या वचनाविषयी शंकेला जागा उरत नाही, तो आप्त. लोकव्यवहारात आपण ज्याला ‘आदर्श’ म्हणतो, त्याचे मूळ याच कल्पनेत आहे, असे आम्हांस वाटते. मात्र आदर्श नुसता असून भागत नाही. तो डोळ्यांसमोर, आपल्या कामात मग्न असलेला दिसावा लागतो. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

पालघर तालुक्यातील दांडी, उच्छेळी, नवापूर ही समुद्रकाठची गावे. एका बाजूस मासेमारीच्या होड्या, तर दुसऱ्या बाजूस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. या परिसरात चिकित्सा करताना आम्हांस समाजस्थितीतील एक बदल प्रकर्षाने जाणवतो. होडीवर जाणारा मुलगा तांडेलाला पाहत पाहत शिकतो. वारा कोणत्या दिशेचा, भरती केव्हाची, जाळे कोठे टाकावे आणि वादळाची चाहूल लागताच मोह आवरून कसे परतावे, हे त्याला कोणी पाठ करून घेत नाही. जाणता मनुष्य संकटात कसा वागतो हे तो पाहतो आणि तसा होऊ लागतो. कारखान्याच्या फाटकाआड मात्र मुलाची नजर पोहोचत नाही. आपला पिता आठ तास कोणते कौशल्य वापरतो हे त्याला दिसत नाही; दिसतो तो रात्रपाळीनंतर थकून झोपलेला पिता. मग त्याच्या मनातील रिकामी जागा पडद्यावरचा नट किंवा मैदानावरचा खेळाडू भरून काढतो. त्यांचे यश दिसते. त्यामागील दिनचर्या दिसत नाही.

पालघरच्या हुतात्म्यांचे स्मरण आपण दरवर्षी १४ ऑगस्टला करतो. १९४२ साली त्या दिवशी पाच जणांनी प्राण वेचले. अशा बलिदानाने मन उंचावते, यात शंका नाही. परंतु रोज सकाळी उठून काय करावे, कसे बोलावे, कोठे थांबावे हे शिकवणारा आदर्श निराळा असतो. तो शेजारी राहणारा, रोज भेटणारा, परीक्षा करून पाहता येईल असा असावा लागतो. असे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडून गेले आहे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून ते बालशिक्षणाकडे वळले होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक १९२३ साली त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. गिजुभाईंच्या शिक्षणविषयक मतांवर व्याख्याने ऐकून त्या थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर काम करून त्यांनी ती पद्धती आत्मसात केली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या कामात येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा परिस्थितीतून शिकून अनुताई शिक्षिका झालेल्या होत्या. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७३ साली ताराबाईंचे निधन झाले, त्या वेळी अनुताईंनी त्यांच्या सहवासात अठ्ठावीस वर्षे काम केलेले होते. त्यानंतर १९९२ साली देह ठेवीपर्यंत अनुताईंनी ते कार्य पुढे चालविले.

या परंपरेत वैद्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट आहे. ताराबाईंनी गिजुभाईंचे अनुकरण केले, पण नक्कल केली नाही. शहरी बालमंदिरातील साधने खर्चिक असत. येथे त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड आणि माती यांतून साधने घडविली. वारली पाड्यांतील मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीच्या कल्पनेची पाळेमुळे या प्रयोगात आहेत. गुरे राखणारी मुले कुरण सोडू शकत नव्हती, म्हणून कुरणशाळा भरली. बालवाडीचा पहिला पाठही अक्षराचा नव्हता. मुलांना स्नान घालणे, केस विंचरणे, नखे काढणे यांपासून शिक्षणास आरंभ होई. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तत्त्व तेच राहिले; देश, काल आणि सात्म्य पाहून कल्पना बदलली. एकाच द्रव्याचा कोणास स्वरस द्यावा आणि कोणास क्वाथ, हा विवेक ज्याला आहे तोच खरा अनुयायी होय.

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. चरकाचार्यांनी विमानस्थानात विद्यार्थ्याला आधी शास्त्राची आणि मग आचार्याची परीक्षा करावयास सांगितले आहे. आदर्शापुढे डोळे मिटून उभे राहावे, असा त्यांचा उपदेश नाही. आचार्याचे ज्ञान निर्मळ आहे काय, त्याने प्रत्यक्ष कर्म पुष्कळ पाहिले आहे काय, तो दक्ष आणि शुचि आहे काय, हे शिष्याने पाहावयाचे आहे. यांपैकी एकही गुण प्रमाणपत्रावरून कळत नाही. तो कळण्यास जवळ बसावे लागते. सुश्रुताचार्यांनीही शस्त्रकर्माची योग्या कोहळा, भोपळा यांसारख्या फळांवर करवून घेतली. केवळ पाठांतरावर ते संतुष्ट नव्हते.

आज मात्र नवा पदवीधर वैद्य आंतरवासिता संपवून बाहेर पडतो, तेव्हा नाडी पाहून, अग्नीचा विचार करून, संयमाने एकच कल्प देणारा आणि त्याचा परिणाम नोंदवून ठेवणारा चिकित्सक त्याने किती वेळा पाहिलेला असतो? दांडीसारख्या गावी दवाखाना थाटल्यावर रुग्ण त्याच्याकडे तत्काळ गुण मागतो. शेजारच्या दवाखान्यात सलाईनची बाटली टांगलेली दिसते. नव्या वैद्याची शास्त्रावरील श्रद्धा उणी नसते; ती श्रद्धा दिवसभराच्या गर्दीत कशी टिकवावी, हे त्याने पाहिलेले नसते. त्याच्या हातून शास्त्र सुटते ते येथे, आणि एकदा सुटलेले शास्त्र पुन्हा हाती येणे कठीण असते.

दूरचे आदर्श आपल्याजवळ थोर आहेत. मुंबईच्या वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी चक्रपाणिटीकेसह संपादित केलेली चरकसंहिता आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. पनवेलचे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली धूतपापेश्वराची औषधनिर्मिती सुरू केली. या नावांना वंदन करणे सोपे आहे. त्यांच्या कामाची सवय पुढच्या पिढीला दिसेल अशी व्यवस्था करणे, हे खरे ऋण फेडणे होय.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. अनुभवी वैद्याने वर्षातून एका तरी नवपदवीधराला सहा महिने आपल्या शेजारी आसन द्यावे. त्याला केवळ यशस्वी रुग्णांची टिपणे न दाखवता, जेथे निदान बदलावे लागले आणि जेथे रुग्णाला वेळीच रुग्णालयात पाठवावे लागले, तीही दाखवावीत. औषधिविक्रेत्या बंधूंची जबाबदारी याहून कमी नाही. अशोकाच्या सालीऐवजी आसोपालवाची साल बाजारात येते, हे आपण सारे जाणतो. अशी गोणी दुकानाचा मालक परत पाठवितो तेव्हा गल्ल्यावर बसलेला नोकर जे शिकतो, ते द्रव्यगुणाच्या पुस्तकातून शिकता येणार नाही. आणि मालकाने ती गोणी मुकाट्याने ठेवून घेतली, तर नोकर तेही तितक्याच पक्केपणाने शिकतो.

रुग्णांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. मशेरी सोडा, रात्रपाळीनंतर दिवसा भरपेट जेवून झोपू नका, असे आम्ही अनेकांना सांगतो. उपदेशाने थोडे जण बदलतात. परंतु वस्तीतील एका भगिनीने मशेरी सोडली आणि तिचे दात-हिरड्या सुधारल्या, की तिच्या ओट्यावर बसणाऱ्या इतर जणी आपण होऊन विचारू लागतात. पथ्याचा प्रसार करावयाचा असेल, तर प्रत्येक वस्तीत असा एक पथ्यकर रुग्ण घडवावा. शंभर पत्रकांचे काम तो एकटा करतो.

वैद्यबंधू-भगिनींनो, आपली इच्छा असो वा नसो, दवाखान्याच्या बाकावर बसलेला रुग्ण आपले हात धुणे पाहत असतो, गरीब रुग्णाशी आपण कोणत्या स्वरात बोलतो ते ऐकत असतो. दाराशी उभा असलेला एखादा मुलगा मनात काहीतरी ठरवीत असतो. आदर्श व्हावे की न होऊ नये, ही निवड आपल्या हाती राहिलेली नाही. तो कशाचा असावा, एवढेच आपल्या हाती आहे.