तापलेले यंत्र, अडखळणारा खेळ

सत्तर-ऐंशी हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंतची रक्कम मोजून घरात आणलेला गेमिंग लॅपटॉप पहिले काही महिने मालकाच्या सर्व अपेक्षा पुऱ्या करतो, आणि मग एखाद्या दिवशी, ऐन रंगात आलेल्या लढाईत किंवा शर्यतीच्या अखेरच्या वळणावर, चित्र अडखळू लागते, बटण दाबूनही पात्र क्षणभर जागच्या जागी खिळून राहते, पंख्याची घरघर खोलीभर ऐकू येते, आणि आपला पैसा वाया गेला ही खंत मनात घर करते. अशी तक्रार घेऊन चारचौघांकडे गेले असता बहुधा एकच सल्ला मिळतो, की यंत्र जुने झाले, आता नवे घ्या. हा सल्ला बहुतेक प्रसंगी त्या यंत्रावर अन्याय करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सामर्थ्य यंत्रात असतेच, परंतु उष्णतेने, अपुऱ्या विजेने किंवा कामाच्या चुकीच्या वाटणीने ते अडवून धरलेले असते, आणि हा अडसर दूर करण्यास फार थोडा, पुष्कळदा काहीच खर्च येत नाही.

पडद्यावरील हालचाल म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर एकेक चित्र रचण्यास यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या पडद्याला पुरेपूर चित्रे पुरवावयाची, तर हाच अवधी ७ मिलिसेकंदांच्याही आत येतो. मध्येच एखाद्या चित्राने पन्नास मिलिसेकंद घेतले, तर सरासरी एफपीएसचा, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रांचा, आकडा कितीही समाधानकारक असला, तरी तो झटका हाताला जाणवल्यावाचून राहत नाही. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे. कीबोर्डवरील विंडोज आणि जी ही बटणे एकत्र दाबली असता असे मोजमाप दाखवणारा गेम बार उघडतो. अधिक तपशील हवा असल्यास एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे तापमान, वेग आणि कामाची टक्केवारी खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात दाखवते. खेळ सुरू होताच हे आकडे टिपावेत आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा पाहावेत. आरंभी उत्तम असलेला वेग तापमान चढताच घसरला, तर दोष उष्णतेचा समजावा. पहिल्या मिनिटापासूनच सारे मंद असेल, तर विजेचा किंवा वाटणीचा संशय धरावा. आणि एफपीएस स्थिर असूनही ऑनलाइन सामन्यात प्रतिस्पर्धी उड्या मारल्यासारखे इकडून तिकडे जात असतील, तर तो इंटरनेटचा दोष असून लॅपटॉपला बोल लावण्याचे कारण नाही.

विजेची चौकशी सर्वांत सोपी, म्हणून ती आधी करावी. १०० वॉट-तासांहून मोठी बॅटरी विमानात खास परवानगीवाचून नेता येत नाही, त्यामुळे भल्यामोठ्या लॅपटॉपचीही बॅटरी या मर्यादेच्या आतच ठेवलेली असते. उलट पूर्ण भाराखाली प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून दीडशे वॉटांच्याही पलीकडे वीज मागू शकतात. ही मागणी बॅटरी पुरवू शकत नाही, म्हणून चार्जर काढताच, किंवा घरातली वीज जाताच, यंत्र आपण होऊन हात आखडते. चार्जर लावलेला असूनही तो मूळचा १८० किंवा २३० वॉटांचा नसून दफ्तरात नेण्यास सोयीचा असा ६५ वॉटांचा टाइप-सी चार्जर असेल, तर परिणाम जवळजवळ तोच होतो. त्याखेरीज प्रत्येक कंपनीने शांत, संतुलित आणि वेगवान अशा अवस्थांची स्वतंत्र तजवीज केलेली असते. लेनोव्होच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये एफएन आणि क्यू ही बटणे दाबून, तर आसुसमध्ये आर्मरी क्रेटमधून ती बदलता येते. वर्गात आवाज नको म्हणून निवडलेली शांत अवस्था पुढे महिनोन्‌महिने तशीच राहिली, आणि मालक मात्र ग्राफिक्स कार्डाला दूषणे देत बसला, असे फार वेळा घडते.

वाटणीचा प्रकार असा, की गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे काम करणारे भाग सामान्यतः दोन असतात: एक प्रोसेसरमध्येच सामावलेला आणि काटकसरी, दुसरा स्वतंत्र आणि बलवान. कोणते काम कोणाकडे सोपवावे, हे ठरविण्याची ऑप्टिमस नावाची पद्धत एनव्हिडियाने २०१० साली आणली आणि ती बहुतांशी चोख चालते. परंतु एखादा खेळ तिच्या नजरेतून निसटला, तर तो सारा वेळ दुबळ्या भागावर चालत राहतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या क्रमाने जाऊन त्या खेळापुढे ‘हाय परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडला, की या दोषाचा निकाल लागतो.

आता उष्णतेकडे वळू, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक विचार याच बाबीचा करावयास हवा. लॅपटॉपच्या प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचले, की जळून जाण्यापासून वाचण्यासाठी तो आपला वेग स्वतःच कमी करतो. ही संरक्षणाची तरतूद आहे, बिघाड नव्हे. पंख्याने आत घेतलेली हवा खोलीचीच असते, तेव्हा खोली दहा अंशांनी तापली, तर आतले भागही साधारण तितकेच अधिक तापतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, डिसेंबरात सुरळीत चालणारा खेळ दुपारी अडखळला, तर त्यात नवल नाही. हवा आत घेण्याची छिद्रे बहुधा तळाशी असतात, म्हणून गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा श्वासच कोंडतो. टणक टेबलावर ठेवून मागची बाजू इंच-दीड इंच उचलली, तरी तापमानात काही अंशांचा फरक स्पष्ट दिसतो.

वर्ष-दोन वर्षे वापरलेल्या यंत्राचा तळ उघडून पाहिला, तर पंखा आणि तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्या यांच्यामधल्या फटीत धूळ, केस आणि कापडाचे तंतू यांचा करडा, नमद्यासारखा दाट थर बसलेला आढळतो. बाहेरून पंखा स्वच्छ दिसत असूनही हवेची वाट तिथेच बंद झालेली असते. साफसफाईपूर्वी यंत्र बंद करून बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती भलत्या वेगाने फिरून पंख्यास इजा होण्याचा संभव असतो. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत सुकते किंवा कडेला सरकते. ती बदलणे नाजूक काम असल्याने हात बसलेला नसेल, तर ते जाणत्या कारागिराकडे सोपवावे, आणि वॉरंटी चालू असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात, त्यामुळे प्रोसेसरने अकारण वेग वाढविला, तर त्याचा ताप ग्राफिक्स कार्डालाही सोसावा लागतो. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ हा पर्याय दिसत असल्यास तो १०० वरून ९९ टक्क्यांवर आणावा. त्यामुळे बहुधा टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढीव, वेग बंद होतो, तापमान लक्षणीय उतरते, आणि ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्या खेळांचा एफपीएस फारसा न घटता उलट स्थिर होतो. खेळातच एफपीएसला ६० ची मर्यादा घालणे हाही असाच गुणकारी उपाय आहे.

रॅमविषयी एवढेच, की पुष्कळ लॅपटॉप ८ किंवा १६ जीबीच्या एकाच स्टिकसह विकले जातात, आणि त्यामुळे स्मृतीकडे जाणाऱ्या दोन मार्गांपैकी एक रिकामा राहतो. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात दोनांपैकी एकच स्लॉट वापरात दिसला, तर जुळणारी दुसरी स्टिक बसविणे हा या साऱ्या प्रकरणातला पैसे खर्चण्याजोगा पहिला उपाय समजावा. खेळाच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि रे ट्रेसिंग आधी उतरवावे. कार्डाची स्मृती ४ जीबीच असेल, तर टेक्श्चरही. आणि खेळात डीएलएसएस किंवा एफएसआर या, लहान चित्र रचून ते मोठे करून दाखवणाऱ्या, तंत्रांची सोय असल्यास ती निःसंकोच घ्यावी. एका बटणात वेग दुप्पट करून देण्याची हमी देणाऱ्या ‘बूस्टर’ सॉफ्टवेअरांवर मात्र कवडीही खर्चू नये.

इतके करूनही जे साधत नाही, त्याचे मूळ खरेदीच्या वेळीच असते. बहुतेक सर्व लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर डाख देऊन पक्के केलेले असल्याने ते मागाहून बदलता येत नाही. शिवाय एकाच नावाच्या कार्डाचे बळही सर्वत्र सारखे नसते. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ पासून ११५ वॉटांपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसविण्याची मुभा कंपन्यांना आहे, आणि खोक्यावर नाव मात्र तेच छापलेले असते. म्हणून दुकानात पैसे मोजण्यापूर्वी कार्डाला किती वॉट दिले आहेत, रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा आहे का, आणि सोबतचा चार्जर किती वॉटांचा आहे, ही तीन उत्तरे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या.