३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप सापडत नाही, तेव्हा

किल्लारीचा भूकंप कधी झाला, हे लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. आता हाच प्रश्न अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याला, म्हणजे यूएसजीएसला, त्यांच्या भूकंप-नोंदींच्या एपीआयमार्फत विचारा. सुरुवातीची तारीख ३० सप्टेंबर १९९३, शेवटची १ ऑक्टोबर, लातूरपासून दीडशे किलोमीटरचा परिसर. कुठलीही एरर येत नाही. फक्त सुमारे दहा हजार माणसांचा जीव घेणारा, ६.२ तीव्रतेचा तो धक्का उत्तरात नसतो.

पायथन शिकणाऱ्या नांदेड-लातूरच्या मुलांसाठी माझ्या मते यापेक्षा चांगलं प्रॅक्टिकल नाही. फुकट आहे, कसली की लागत नाही, आणि विषय घरचा आहे. शिवाय क्लायंट लायब्ररीबद्दल जे गैरसमज वर्गात आणि कंपनीतही सर्रास चालतात, ते यात एकेक करून उघडे पडतात.

गैरसमज : लायब्ररी म्हणजेच एपीआय, लायब्ररी टाकली की माहिती आपल्याकडे आली

‘पिप इन्स्टॉल’ केल्यावर संगणकात उतरतो तो फक्त कोड. माहिती असते सर्व्हरवर. तिथे कुठल्या पत्त्यावर, कुठल्या नावाने, कुठल्या स्वरूपात प्रश्न विचारायचा आणि उत्तर कसं मिळेल, याची सर्व्हरने ठरवलेली रीत म्हणजे एपीआय. त्या रीतीप्रमाणे प्रश्न लिहून पाठवणारा आणि आलेलं उत्तर उलगडून देणारा कोड म्हणजे क्लायंट लायब्ररी. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसलेला असतो, तसं तिचं काम. कुठला नमुना, कुठली खिडकी, कुठे सही हे त्याला तोंडपाठ असतं. पण गट नंबर तुम्ही चुकीचा सांगितलात तर तोही तो सुवाच्य अक्षरात चुकीचाच लिहून देतो.

लायब्ऱ्याही दोन जातींच्या असतात. ‘रिक्वेस्ट्स’ ही पायथनची २०११ सालची लायब्ररी कुठल्याही वेब पत्त्यावर प्रश्न पाठवते. पलीकडे भूकंप आहेत की बाजारभाव, याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. ‘ऑब्सपाय’ ही दुसऱ्या जातीची. ती भूकंपशास्त्राच्याच कामासाठी बांधली आहे आणि जर्मनीतल्या म्युनिक विद्यापीठात तिची सुरुवात झाली. जगभरच्या भूकंप-नोंदणी संस्थांनी प्रश्न विचारायची एक सामायिक रीत ठरवली आहे, ती या लायब्ररीला येते. त्यामुळे संस्थेचं नाव बदललं की तोच प्रश्न यूएसजीएसऐवजी युरोपातल्या सर्व्हरला जातो, बाकी कोड तसाच राहतो. सोय मोठी आहे, पण माहिती दोन्हीकडे परक्याच्या सर्व्हरवरच आहे. तो सर्व्हर बंद असला, की लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करून काहीही होत नाही. तरी पहिला उपाय म्हणून तेच करणारे किती तरी जण दिसतात.

याचीच उलटी बाजू म्हणजे ‘लायब्ररी नाही, मग एपीआय वापरता येणार नाही’ ही समजूत. यूएसजीएसचा प्रश्न ब्राउझरच्या पट्टीत सरळ टाइप करून एंटर मारता येतो. उत्तर तिथेच दिसतं. कोडला हात लावण्याआधी हे एकदा करून बघावंच, कारण चूक प्रश्नात आहे की कोडमध्ये, हे तेवढ्यावर कळतं.

गैरसमज : चांगली लायब्ररी वापरली की चुका तीच टाळते

काही चुका ती खरंच टाळते. समजा तुम्ही वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे दिली आणि शेवटी ‘+०५:३०’ लिहिलं. वेब पत्त्यातल्या प्रश्नाच्या भागात अधिकचं चिन्ह आलं की बहुतेक सर्व्हर ते रिकामी जागा समजतात. हाताने पत्ता जोडणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. ‘रिक्वेस्ट्स’ला तुम्ही सगळ्या अटी डिक्शनरीत दिल्या, तर ती त्या चिन्हाच्या जागी ‘%२बी’ हा संकेत आपणहून घालते आणि वेळ सर्व्हरपर्यंत शाबूत पोहोचते.

पण ‘+०५:३०’ लिहायचं, हे कोणाच्या लक्षात यायला हवं? तुमच्याच. वेळेचा पट्टा सांगितला नाही, तर यूएसजीएस ती वेळ जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, धरतं. किल्लारीला पहाटेचे ३ वाजून ५५ मिनिटं झाली तेव्हा यूटीसीत साडेपाच तास मागे, २९ सप्टेंबरच्या रात्रीचे १० वाजून २५ मिनिटं झाले होते. आपल्या पिढ्यांनी ३० तारीख लक्षात ठेवली, सर्व्हरच्या वहीत ती घटना २९ला आहे. दोघंही बरोबर आहेत. तारखेत आणखी एक खाच आहे. नुसतं ‘३० सप्टेंबर’ लिहिलं तर सर्व्हर त्याचा अर्थ त्या दिवसाचे रात्रीचे शून्य वाजले असा घेतो. म्हणून सुरुवात २९ आणि शेवट ३० असं मागितलं की २९ तारखेचे पूर्ण चोवीस तास मिळतात आणि किल्लारी सापडतं. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे ३०च लिहिलं, तर शून्य कालावधीत शोध घ्यायला सांगितल्यासारखं होतं.

उत्तर आल्यावरही वेळ तुम्हाला पुन्हा एकदा चकवते. जिओजेसन या स्वरूपात यूएसजीएस तारीख न देता एक लांबलचक आकडा देतं. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले, याचा तो हिशेब असतो. किल्लारीसाठी तो बारा आकडी आहे, ७४९३४१ ने सुरू होणारा. ते सेकंद समजून पायथनच्या तारखेत बदलायला गेलात, तर वर्ष पंचवीस हजारांच्या पुढे जातं. पायथनच्या तारखा ९९९९ सालापर्यंतच चालत असल्यामुळे इथे निदान एरर तरी येते. हजाराने भागायचं, की प्रश्न मिटला.

अंतराच्या बाबतीत मात्र एररही येत नाही. ऑब्सपायमध्ये परिसराची त्रिज्या अंशांत द्यावी लागते, किलोमीटरमध्ये नाही. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. लातूरभोवती दीडशे किलोमीटर हवेत म्हणून कुणी १५० लिहिलं, तर लायब्ररी सोळा हजार किलोमीटरहून मोठा परिसर मागते. त्यात जपान येतं, इंडोनेशिया येतं, तुर्कस्तान येतं. द्यायला हवं होतं १.३५. यूएसजीएसला थेट विचारलं तर किलोमीटरमध्ये त्रिज्या देण्याची वेगळी अट उपलब्ध आहे. म्हणजे त्याच सर्व्हरला दोन वाटांनी विचारताना एकक वेगळं असू शकतं. लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी हे एक उदाहरण पुरे व्हावं.

गैरसमज : एरर आली नाही, म्हणजे उत्तर बरोबर आहे

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही.

जिओजेसनमध्ये आधी रेखांश असतो, मग अक्षांश. आपण बोलताना आणि नकाशात बघताना नेमकं उलटं करतो. आलेल्या उत्तरातले आकडे त्याच क्रमाने पुढच्या प्रश्नात घातले की अक्षांश-रेखांशाची अदलाबदल होते. लातूर साधारण १८.४ उत्तर अक्षांश आणि ७६.६ पूर्व रेखांशावर आहे. अदलाबदलीनंतर सर्व्हरला दिसतं ७६.६ उत्तर, १८.४ पूर्व. अक्षांश ९० पर्यंत चालतो, त्यामुळे सर्व्हरला यात वावगं काहीच वाटत नाही. (गुवाहाटीचा रेखांश ९१च्या पुढे आहे, तिथल्या विद्यार्थ्याला हीच चूक लगेच कळली असती. मराठवाड्याला तेवढं नशीब नाही.) हा बिंदू कुठे पडतो? नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिण टोकाजवळच्या बर्फाळ समुद्रात. गंमत म्हणजे तिथेही भूकंप होतात. २१ फेब्रुवारी २००८ रोजी त्याच भागात ६.१ तीव्रतेचा धक्का बसला होता. १९९० ते २०१० असा कालावधी मागितलेल्या विद्यार्थ्याला ‘लातूरजवळचा’ ६.१ चा भूकंप मिळतो आणि तीव्रता किल्लारीच्या इतकी जवळ असते, की प्रोजेक्टच्या अहवालात तो सरळ छापूनही येईल. ठिकाणाचं नावही उत्तरात असतं. ते छापून बघितलं असतं तरी पुरे होतं.

तारीखच दिली नाही तर? यूएसजीएस सगळा इतिहास देत नाही, फक्त गेल्या ३० दिवसांतल्या नोंदी देतं. ‘लातूर परिसरात आजवर एकही भूकंप झालेला नाही’ असा निष्कर्ष त्यातून आरामात निघू शकतो.

याउलट खरोखर चूक झाल्याचं सर्व्हर सांगतो, तेव्हा आपणच ऐकत नाही. प्रत्येक उत्तरासोबत तीन आकडी स्थिती-क्रमांक येतो. २०० म्हणजे ठीक, ४०० म्हणजे तुमच्या प्रश्नातच खोट, ४०४ म्हणजे असा पत्ता नाही, ४२९ म्हणजे फार घाई करताय, ५०० म्हणजे सर्व्हरच्या घरातली अडचण. यूएसजीएस एका प्रश्नाला २०,००० पर्यंत नोंदी देतं. त्याहून जास्त निघत असतील तर ४०० पाठवतं. ‘रिक्वेस्ट्स’ हा ४०० बघून थांबत नाही. ‘रेज फॉर स्टेटस’ ही ओळ तुम्ही लिहिली तरच ती एरर देते. ती ओळ नसेल तर कोड पुढे सरकतो, साध्या इंग्रजीत आलेला तक्रारीचा मजकूर जेसन समजून वाचायला जातो आणि ‘जेसन डिकोड एरर’ देऊन पडतो. मग मुलं जेसनवरचे व्हिडिओ बघत बसतात. सर्व्हरने मात्र दुखणं काय, ते पहिल्याच वाक्यात सांगितलेलं असतं. आलेला मजकूर जसाच्या तसा छापा, बस.

ऑब्सपायचा स्वभाव इथे वेगळा. भूकंप-सेवांच्या सामायिक रीतीत ‘जुळणारी नोंद नाही’ यासाठी २०४ हा क्रमांक आहे, आणि तो यशाच्या घरातला आहे. ऑब्सपाय मात्र त्यावर ‘नो डेटा’ असा अपवाद फेकते. म्हणजे एक लायब्ररी खऱ्या चुकीवर गप्प बसते आणि दुसरी चूक नसतानाही ओरडते. दोन्हींमागे विचार आहे; आपण कोणती वापरतोय, तेवढं ठाऊक हवं.

ताटकळण्याबाबतही असंच. ‘रिक्वेस्ट्स’ला वेळेची मर्यादा दिली नाही, तर सर्व्हर गप्प राहिल्यास ती अनिश्चित काळ वाट बघत राहते. ऑब्सपायमध्ये १२० सेकंदांची मर्यादा आधीच घातलेली आहे. ‘प्रोग्राम हँग झाला’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा ‘टाइमआउट’ न लिहिण्यात असतं.

गैरसमज : एपीआयने दिलं नाही, म्हणजे घडलंच नाही

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ दहा-बारा मिनिटांत ३.६ चा आणखी एक. नांदेड, परभणीपर्यंत घरं हलली. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. नांदेड-हिंगोली भागात जमिनीखालून गूढ आवाज येतात, अशा बातम्याही अधूनमधून येतच असतात. हे सगळं यूएसजीएसकडे मिळेल, असं धरून चालू नका. अमेरिकेबाहेर त्यांचा भर साधारण ४.५ आणि त्यावरच्या भूकंपांवर असतो. तीनच्या आसपासचे आपल्याकडचे धक्के दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदींत शोधायचे. कुठल्या सर्व्हरला कोणता प्रश्न विचारायचा, हे कोणतीच लायब्ररी सांगत नाही.

गैरसमज : की म्हणजे पासवर्ड नव्हे, कोडमध्ये लिहिली तर काय बिघडतं

भूकंपांसाठी की लागत नाही, पण लातूरच्या आडतीतला सोयाबीनचा भाव हवा असेल तर लागते. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण, तिन्ही क्विंटलमागे रुपयांत. तिथे नमुन्यादाखल दिलेल्या कीवर एका वेळी दहाच नोंदी येतात. ‘महाराष्ट्रात आज फक्त दहाच ठिकाणी लिलाव झाले का?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. नोंदणी करून स्वतःची की काढा. पैसे पडत नाहीत. तरीही नोंदी पानापानाने मागाव्या लागतात. ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’ त्यासाठीच आहेत. मालाची नावंही सर्व्हरच्या स्पेलिंगनेच द्यायची. तूर तिथे ‘अरहर’ या नावाने आहे, आणि सोयाबीनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘वाय’नंतर एक ‘ए’ जास्त आहे. तो विसरलात तर एरर न येता रिकामी यादी मिळते.

आता की. तिच्यावरून सर्व्हर तुम्हाला ओळखतो आणि तुमचा वापर मोजतो. गिटहबवर उघड्या रेपॉझिटरीत ती गेली की कुणीही तुमच्या नावावर प्रश्न विचारू शकतं. पैसे लागणाऱ्या सेवेची असेल तर बिलही तुमच्याच नावावर. फाइल नंतर पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. की वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवा, ती फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये घाला, आणि एखादी की आधीच बाहेर गेली असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती रद्द करून नवी काढा.