अरबांचं भांडण अन् बाहेरचे हात

इराक-सीरियाची बातमी लागली की मेसमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "ते लोक आपसात भांडतच असतात!" खरंच एवढंच आहे का?

जरा मागे जाऊ. आजचा इराक तेव्हा तुर्कांच्या राज्यात होता. नोव्हेंबर 1914 मध्ये ब्रिटिशांची हिंदी फौज बसऱ्याकडे उतरली. एक मोठं कारण म्हणजे शेजारच्या इराणमधली आबादानची तेल रिफायनरी. या फौजेतल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. (परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, निजामाचे लान्सर्सही पॅलेस्टाईनच्या मोहिमेवर गेले होते.) कुत गावात तुर्कांनी या डिव्हिजनला 147 दिवस वेढलं. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जण शरण गेले. कित्येक जण पुढे कैदेतच मेले.

बरोबर 17 दिवसांनी, 16 मे रोजी, ब्रिटन-फ्रान्सने गुपचूप सायक्स-पिको करार करून हा अरब मुलूख कागदावर वाटून घेतला. अरबांना मात्र स्वातंत्र्याचा शब्द दिलेला! युद्धानंतर बसरा, बगदाद, मोसूल जोडून इराक बनला. शिया, सुन्नी, कुर्द एका छताखाली आले, पण किल्ली ब्रिटिशांकडे.

2003 साली महाविनाशक अस्त्रांचं कारण सांगून अमेरिका घुसली. अस्त्रं सापडली नाहीत, यादवी मात्र पेटली.

स्थानिक भांडणं होतीच. पण त्यात तेल बाहेरच्यांनी ओतलं. म्हणून बातमी वाचताना विचारा: सीमा कुणी आखली, शस्त्रं कुणी दिली, फायदा कुणाचा? कुतमध्ये आपली मराठी पोरं कुणासाठी मेली, हेही त्यातूनच कळतं.