रस्त्यावरचा पोलीस आणि आपली ऊसगाडी



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याकडे दोन तक्रारी हमखास येतात. एक, तोड लवकर मिळत नाही. दुसरी, वाहतूक पोलीस गाड्या अडवतात. पहिलीबद्दल आम्ही वेळोवेळी बोलतोच. आज दुसरीबद्दल चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

वाहतूक पोलीस म्हणजे पावती फाडणारा, असा आपला समज. पण पावती हे त्यांच्या कामाचे शेवटचे टोक आहे. काम सुरू होते अपघातांच्या नोंदीपासून. अपघाताची जागा, वेळ, वाहन, कारण हे सारे टिपले जाते. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, अथवा १० माणसे दगावली, तर ती जागा अपघातप्रवण धरतात. मग तेथे फलक, पट्टे, वळणाची दुरुस्ती यासाठी रस्ते खात्याकडे पाठपुरावा होतो, आणि तपासणीही अशाच ठिकाणी जास्त होते. आपण माती परीक्षण करून खताची मात्रा ठरवतो, तसेच हे.

आता आपली गाडी का अडवतात ते पाहू. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचे दिसून, भान येऊन, ब्रेक लागून ती थांबेपर्यंत चाळीसएक मीटर तरी जातात. उसाने झाकलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा बहुधा तेवढे अंतर उरलेलेच नसते. मागे लाल रिफ्लेक्टर असेल तर तोच माणूस कितीतरी आधी सावध होतो. म्हणून पोलीस आधी ट्रॉलीची मागची बाजू बघतात.

जादा भरीचेही तसेच. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात, उतारावर ब्रेक दाद देत नाहीत. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे. चार खेपांचे काम तीन खेपांत उरकण्याचा हिशेब येथेच फसतो.

दारूची तपासणी फुंकणीच्या यंत्राने होते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असले की गुन्हा. आणि पोराच्या हातात ट्रॅक्टर देऊन कौतुक करणाऱ्यांनी नीट ऐकावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते.

विम्याचे कागदही बघून घ्यावेत. विमा फक्त शेतीकामाचा आणि ट्रॅक्टर भाड्याने वाहतुकीला, असे असेल तर भरपाईच्या वेळी वाद होतो. विमा कंपनीची जबाबदारी नाही असे ठरले, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. त्यात जमीनजुमलाही अडकू शकतो.

तेव्हा एवढे करावे :

१. ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरे, बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावावेत व रोज पुसावेत. बैलगाडीलाही मागे लावावेत.

२. टायर फुटला तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, मागे खूण ठेवावी. चाकाला लावलेले दगड निघताना उचलावेत. गाडी जाते, दगड राहतात आणि रात्री त्यावर कुणीतरी आदळतो.

३. टेपचा आवाज मागच्याचा हॉर्न ऐकू येईल इतकाच ठेवावा.

४. अपघात दिसला तर थांबावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. सद्हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, उगाच भिऊ नये.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. आपल्या ट्रॉलीमागून येणारा बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो. रात्री दूध घालून परतणारा, क्लासहून येणारा, कुणाचा तरी जावई. ऊस गव्हाणीपर्यंत पोचला पाहिजे, तसा हाही घरी पोचला पाहिजे. पोलीस सगळ्या रस्त्यांवर रात्रभर उभे राहू शकत नाहीत. उरलेले काम आपले आहे, ते सभासदांनी मनावर घ्यावे ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी